माशी आणि दोरी यांमधील दुवा

कोसा रेशमाचे नाव निघाले की छत्तीसगडमधील वाचकांना चांपा आठवते आणि ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणारे टसरचे किडेही आठवतात. रेशमाच्या किड्यांनी माणसाला वस्त्र तर दिलेच, पण मासेमारीसाठी एक चिवट धागाही दिला. ‘फ्लाय फिशिंग’ या छंदातील ‘लीडर’ दीर्घकाळ याच धाग्याचा बनत असे.

साध्या गळाला शिशाचे वजन असते. फ्लाय फिशिंगमधील पिसांची कृत्रिम माशी मात्र जवळजवळ वजनहीन असते. तिला दूर नेते ते जाड दोरीचे वजन. अशी दोरी माशाजवळ आपटली तर तो पळून जातो. म्हणून दोरी आणि माशी यांच्यामध्ये क्रमाक्रमाने निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा जोडतात. तोच लीडर. फेकीचा जोर त्यातून उतरत जातो आणि माशी अलगद पाण्यावर टेकते.

रेशमापासून नायलॉनपर्यंत

कोश विणण्याच्या बेतात असलेला तुतीवरचा किडा व्हिनेगरमध्ये बुडवून त्याच्या रेशीमग्रंथी हाताने ताणीत आणि त्यांतून तंतू काढीत. स्पेनमधील मुर्सिया हे या उद्योगाचे केंद्र होते. तंतू अधिक बारीक करण्यासाठी तो छिद्रांच्या पट्टीतून ओढीत. जाडी दर्शविणाऱ्या ‘एक्स’ या खुणेचे मूळ त्यातच आहे. ३ एक्स म्हणजे सुमारे ०.२० मिलिमीटर, तर ५ एक्स म्हणजे ०.१५. अंक वाढला की धागा बारीक होतो. १९३८ मध्ये नायलॉनची घोषणा झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रेशमी तंतू मागे पडला.

घरी लीडर बांधताना

साठ टक्के जाड भाग, वीस टक्के मधला आणि वीस टक्के टोकाचा बारीक भाग, हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. २७० सेंटिमीटरच्या लीडरसाठी ०.५० मिलिमीटरचा धागा ९० सेंटिमीटर, ०.४५ चा ४० आणि ०.४० चा ३२ सेंटिमीटर घ्यावा. पुढे ०.३५, ०.३० आणि ०.२५ चे प्रत्येकी १८ सेंटिमीटरचे तुकडे जोडावेत. शेवटी ०.२० चा ५४ सेंटिमीटर धागा यावा. लगतच्या तुकड्यांच्या जाडीत फार तफावत असली की गाठ सुटते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करावी, कारण कोरड्या घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन दुबळे होते.

जलकुंभीने व्यापलेल्या तलावात गाठींना शेवाळ आणि मुळे अडकतात. तेथे यंत्रावर ओढलेला बिनगाठीचा लीडर सोयीचा. पृष्ठभागावरील माशीसाठी हलके, लवचिक नायलॉन योग्य. माशी खोल न्यायची असेल तर पाण्यापेक्षा बरेच जड असलेले फ्लुरोकार्बन निवडावे.

मासा पाहून निवड

टोकाचा धागा हा लीडरचा सर्वांत कच्चा भाग असतो, आणि तो तसा मुद्दाम ठेवलेला असतो. ताण असह्य झाला की तोच तुटावा आणि महागडी दोरी वाचावी, हा त्यामागील हेतू. परंतु तो फार बारीक ठेवून मोठ्या माशाला तासभर झुंजविणे हे कौशल्य नव्हे. रायपूरच्या उन्हाळ्यात पाणी तापते, त्यातील प्राणवायू कमी होतो, आणि थकलेला मासा सोडून दिल्यावरही दगावू शकतो. महानदीचे नाव धारण करणारा महसीर तर खडकाळ प्रवाहातला बलवान मासा. त्याच्यासाठी लीडरचा शेवट ०.३० वा त्याहून जाड असावा. मासा लवकर काठाशी आणावा, पाण्यातच गळ काढावा आणि त्याला सोडून द्यावे.

छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या प्रजननाचा बंदीकाळ असतो, तो पाळावा. इतर वेळीही जलाशयावर जाण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी. परतताना कापलेल्या धाग्याचे तुकडे खिशात टाकावेत. नायलॉन सहज कुजत नाही, आणि काठावर राहिलेला वीतभर तुकडाही बगळ्याच्या पायाचा फास ठरू शकतो.