उठवणारी खुर्ची

दुकानात रिक्लायनर दाखवतात ती एकाच पद्धतीनं: बसा, बटण दाबा, पाय वर, पाठ मागं. गिऱ्हाईक सुखावतं आणि सौदा ठरतो. विजेच्या खुर्चीचा कस मात्र नंतर लागतो, आडव्या झालेल्या माणसाला उठायचं असतं तेव्हा.

कलणारी खुर्ची विजेच्या आधीची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, मन्रो गावी, एडवर्ड क्नाबुश आणि एडविन शूमेकर या नात्यातल्या भावांनी १९२८ साली व्हरांड्यासाठी लाकडी पट्ट्यांची अशी खुर्ची केली. पुढं तिला गादी आली आणि 'ला-झी-बॉय' हे नावही. आपल्या वाड्यांतली वेताची, लांब हातांची आरामखुर्चीही आरामाला कमी नव्हती. म्हातारपणी तिच्यातून उठणं तेवढं जिकिरीचं.

विजेच्या खुर्चीखाली वाकून पाहिलं तर कात्रीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या लोखंडी पट्ट्या दिसतात आणि मध्ये एक लांबट मोटर. ती स्क्रू फिरवते, स्क्रूवरचा नट पुढंमागं सरकतो आणि पट्ट्या उघडतात किंवा मिटतात. बोट उचललं की खुर्ची तिथंच थांबते. अंगाचं वजन तिला ढकलू शकत नाही. हाताच्या खटक्याच्या खुर्चीत पायाखालची फळी टाचांनी दाबून बंद करावी लागते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्याला ते कुठून जमणार? एका मोटरच्या खुर्चीत पाय आणि पाठ ठरलेल्या क्रमानं हलतात. दोन मोटर असतील तर पाठ सरळ ठेवून नुसते पाय वर घेता येतात. 'लिफ्ट' प्रकारात अख्खी बैठक पुढं कलत वर येते. 'झीरो ग्रॅव्हिटी' हे बटणावरचं नाव भारदस्त, पण त्यानं होतं एवढंच की पाय उंचावतात आणि पाठ कलते. गुरुत्वाकर्षण जागच्या जागी असतं.

माप बघायचं ते खुर्ची सरळ असताना. कंबर मागं टेकलेली, तळवे जमिनीवर आणि गुडघ्यामागं दोन-तीन बोटं जागा. सहा फुटी माणसासाठी केलेल्या खुर्चीत पाच फुटी आजींचे पाय लोंबकळतात, मग त्या पुढं सरकून बसतात आणि पाठ दुखली की दोष मोटरला देतात. उठताना आधी पाय खाली घ्यावेत, चक्कर येत नाही ना हे क्षणभर बसून पाहावं, मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून बैठक वर घ्यावी. शेवटच्या टोकापर्यंत नेण्याची गरज नसते. तळव्यांवर भार आला की बटण सोडायचं.

धोका असतो तो खाली. वर आलेल्या फळीमागं मांजर शिरतं, रांगतं पोर शिरतं, आणि मिटणाऱ्या पट्ट्यांना काही कळत नाही. म्हणून बंद करण्याआधी वाकून पाहायचं, रिमोट मुलांच्या हाती द्यायचा नाही. उघड्या फळीवर कुणी बसलं तर खुर्ची पुढं उलटू शकते. वायर पट्ट्यांत किंवा पायाखाली सापडू नये. अनेक मोटरींवर 'दोन मिनिटं चालू, अठरा मिनिटं बंद' अशी मर्यादा छापलेली असते. नातवंडांच्या झोपाळ्यासाठी ही मोटर बनवलेली नाही.

वीज गेली तर? कित्येक मॉडेलांच्या अडॅप्टरमध्ये नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसतात, त्या खुर्ची एखाद्या वेळी सरळ करण्यापुरत्या पुरतात. बहुतेक घरांत त्या कधी घातलेल्याच नसतात. खरेदीच्या वेळी पूर्ण आडवं व्हावं आणि दुकानदाराला प्लग काढायला सांगावं.