सुखाची मागणी आणि पावित्र्याची साधना

वर्धा जिल्ह्यातील आष्टीचे नाव स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचे कोरले गेले ते १६ ऑगस्ट १९४२ या दिवसामुळे. नागपंचमीचा तो दिवस. पोलीस ठाण्याकडे गेलेल्या जमावावर गोळीबार झाला, गावचे तरुण धारातीर्थी पडले. उसळलेल्या संतापात पोलिसांचेही प्राण गेले. सणाच्या दिवशी घरी स्वस्थ बसण्याचे सुख त्या तरुणांना सहज लाभले असते. ते त्यांनी नाकारले, म्हणूनच आष्टी आज हुतात्म्यांचे गाव म्हणून ओळखली जाते. कोणताही समाज आपल्यातील सुखी माणसांची स्मारके उभारीत नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

सुखापेक्षा मोठे असे काही मानल्यावाचून समाज टिकत नाही, हे सर्वांनाच मान्य असते. परंतु धर्माकडे वळताना मात्र माणूस नेमके सुखच मागतो. परीक्षेत यश, नोकरीत बढती, मुलीचे लग्न, दुखण्यातून सुटका यांसाठी नवस बोलले जातात. ख्रिस्ती समाजही या मोहातून सुटलेला नाही. श्रद्धा दृढ असेल तर पैसा आणि आरोग्य आपोआप मिळते, अशी शिकवण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून जगभर पसरली. तिचे प्रतिध्वनी आपल्याकडील प्रार्थनासभांतूनही ऐकू येतात. ज्या धर्माचे चिन्ह वधस्तंभ आहे त्याच्याच नावाने सुखाची हमी दिली जावी, यापरता विरोधाभास कोणता? येशूने डोंगरावरील प्रवचनात धन्य म्हटले ते दीनांना, शोक करणाऱ्यांना आणि नीतिमत्त्वासाठी छळ सोसणाऱ्यांना. त्या यादीत सुखवस्तू माणसाला कोठेच जागा नाही.

मग ख्रिस्ती जीवनाचे साध्य कोणते? पावित्र्य, असे त्याचे उत्तर आहे. मात्र मराठी मनाला या शब्दाने एक चकवा बसतो. पावित्र्य म्हटले की आपल्याला सोवळे आठवते. सोवळ्यातील पावित्र्य नाजूक असते. दुसऱ्याच्या स्पर्शाने ते भंगते, म्हणून ते दूर राहून जपावे लागते. शुभवर्तमानातील येशू कुष्ठरोग्याला हात लावतो. तेथे रोग्याची अशुद्धता येशूकडे येत नाही, तर येशूची शुद्धता रोग्याकडे जाते. म्हणजे हे पावित्र्य अंतर राखून टिकणारे नव्हे. ते जवळ गेल्याने वाढणारे आहे. १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम उभारणारे मनोहर दिवाण ख्रिस्ती नव्हते. तरीही या अर्थाचे पावित्र्य त्यांना ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

याच वर्ध्यात एका ख्रिस्ती माणसाने हा विचार जमाखर्चाच्या वहीत उतरविला. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरला १८९२ साली जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनीसाचे शिक्षण घेतलेले आणि अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले गृहस्थ. मुंबईत त्यांचा व्यवसाय उत्तम चालला होता. १९२९ मध्ये गांधीजींची भेट झाली आणि त्यांच्या आयुष्याची दिशाच पालटली. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या चिटणीसपदाची धुरा त्यांनी उचलली आणि वर्ध्याच्या मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, मधमाश्या यांत ते रमले. त्याच वर्षीच्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. गांधीजी व त्यांच्या मंडळींचा खर्च या निधीतून करता येणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितल्याचा प्रसंग सांगितला जातो. निधी पीडितांसाठी जमलेला होता. महात्म्यासाठीही त्याला अपवाद नव्हता. पावित्र्य देवळात वा चर्चमध्ये सापडते तसे ते खतावणीतही सापडते, हा या प्रसंगाचा अर्थ होय. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात, जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी चिरस्थायी अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि येशूच्या शिकवणुकीवरही लिहिले. त्यांच्या दृष्टीने हे विषय दोन नव्हतेच.

तथापि या मार्गाविषयी एक रास्त शंका उरते. एकाच्या पावित्र्याची किंमत दुसऱ्याने मोजायची काय? नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या अंतरात्म्याला समाधान लाभले असेल. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र विरह, लोकनिंदा आणि अनिश्चितता आली. ती व्यथा त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये न लपविता सांगितली आहे. टिळकांचे औदार्य घराबाहेरच्यांना भावे, त्याचा ताण घरातलीला सोसावा लागे. इतरांच्या सुखाचा परस्पर होम करणे याला पावित्र्य म्हणता येत नाही. त्याग आपलाच असावा लागतो. दुसऱ्याच्या वतीने केलेला त्याग ही जबरदस्तीच ठरते. गंमत अशी की, लक्ष्मीबाईंचा स्वतःचा प्रवास या कसोटीला अधिक उतरतो. सोवळ्याच्या कडक संस्कारात वाढलेल्या या स्त्रीने जातिभेदाचा स्वतः विचार केला, तो मनातून काढून टाकला आणि मग १९०० साली आपल्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात अनेक परकी मुले आपली झाली. सोवळ्यातून पावित्र्याकडे म्हणतात ते हेच.

सुख वाईट आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. देह कष्टविणे वा घरादाराला उपाशी ठेवणे म्हणजे साधुत्व नव्हे. आणि उपाशी माणसाला पावित्र्याचा उपदेश करणे ही तर क्रूरताच होय. त्याची भाकरी हा त्याच्या दृष्टीने सुखाचा प्रश्न असेल, परंतु शेजाऱ्याच्या दृष्टीने तो धर्माचा प्रश्न आहे. सुख आले तर कृतज्ञतेने घ्यावे. मात्र त्यालाच आयुष्याचा निकष मानले की, अडचणीच्या पहिल्याच प्रसंगी सत्याचा सौदा होतो.

असे प्रसंग सर्वांच्याच आयुष्यात येतात आणि ते फार लहान असतात. शिकवणी न लावणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण देताना शिक्षकाचा हात क्षणभर थांबतो. टेबलावरची फाईल पुढे सरकविण्यापूर्वी कारकुनाच्या मनात एक अपेक्षा डोकावते. उत्तरपत्रिकेपुढे बसलेल्या विद्यार्थ्याची नजर शेजारी वळते. त्या क्षणी 'मला यात सुख किती?' असा प्रश्न विचारला तर उत्तर आधीच ठरलेले असते. 'हे योग्य आहे काय?' असा प्रश्न विचारला तर थोडे नुकसान सोसावे लागते. त्या नुकसानीची नोंद कोणत्याही स्मारकावर होत नाही. परंतु निधीचा पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा माणूस आणि परक्या मुलांना पोटाशी धरणारी गृहिणी याच नुकसानीतून घडतात.