घर सोडताना डिपॉझिट अडकतंय? चावी देण्याआधी हे वाचा

कुर्ला, मुंब्रा, भिवंडीत हेवी डिपॉझिटवर राहणारी कितीतरी कुटुंबं आपल्या ओळखीत असतात. दागिने मोडून, भावाकडून उसने घेऊन चार-पाच लाख द्यायचे. महिन्याचं भाडं नाही किंवा नावापुरतं. अडचण येते ती घर सोडताना. घरमालक म्हणतो, "नवीन भाडेकरू आला की देतो." बहुतेक वेळा तुमचे पैसे त्याने केव्हाच वापरलेले असतात. पुढच्याचं डिपॉझिट हातात येईपर्यंत तुमचं सुटत नाही.

पण खरी चूक सुरुवातीलाच झालेली असते. दिले पाच लाख, करारात लिहिले पन्नास हजार, बाकी रोख आणि जुबानी. का, तर एजंट सांगतो, "स्टॅम्प ड्युटी वाचते." किती वाचते ते बघू या. लिव्ह अँड लायसन्स करारात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतात आणि त्या व्याजावर 0.25 टक्के ड्युटी लागते. म्हणजे 5 लाखांचे 50 हजार, त्यावर ड्युटी फक्त 125 रुपये! एवढ्यासाठी साडेचार लाखांचा पुरावा घालवायचा? पूर्ण रक्कम लिहून घ्या, पैसे चेकने किंवा खात्यातून द्या. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हेही लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55 प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे करार कच्चा असला तरी बँकेची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा.

घर सोडण्याची नोटीस करारातल्या मुदतीप्रमाणे लेखी द्या. लाइट बिल, सोसायटीची थकबाकी भरून पावत्या ठेवा. रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा. भिंती वापराने मळतात, ते नुकसान नाही. बेसिन फुटलं असेल तर ते मात्र भरून द्यावं लागेल.

चावी आणि पैसे एकाच बैठकीत. पण "पैसे मिळेपर्यंत निघणारच नाही" म्हणून अडून बसण्याआधी वकिलाला विचारा. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलात तर कलम 24 खाली दुप्पट दराने भरपाई मागितली जाऊ शकते. मालकाकडे आज पैसे नसतील तर तारीख टाकलेला चेक आणि रक्कम लिहिलेली सही घ्या. चेक परत आला तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस जायला हवी. त्यानंतर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर फौजदारी तक्रार करता येते.

चेकही नसेल तर वकिलामार्फत स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. पोलीस बहुधा "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतात. वसुलीच्या दाव्याला साधारण 3 वर्षांची मुदत असते, "देतो, देतो" ऐकण्यात ती घालवू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. करार घरातल्या बाईच्या नावावर असेल तर उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन 15100.