बिनतारी आर्द्रतामापक व त्याची पारख

पत्र्याच्या छपराखालील घरात वा वर्गात जिवाची काहिली होते, ती केवळ तापमानामुळे नव्हे. हवा दमट असली की घाम वाळत नाही व अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून तापमान व आर्द्रता या दोहोंची नोंद एकत्र ठेवणे अगत्याचे आहे.

हे काम करणारी लहान बिनतारी मापके आता अल्प किमतीत मिळतात; त्यांचे आकडे मोबाइलवर दिसतात. परंतु स्वस्त संवेदकात ५ टक्क्यांपर्यंत चूक संभवते. सबब प्रथम त्याची पारख करावी. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले होईल इतकेच पाणी घालावे. मीठ पूर्ण विरघळू देऊ नये. हे झाकण व मापक एकमेकांस न लागता काचेच्या हवाबंद बरणीत रात्रभर ठेवावे. बरणीतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. बरणी न उघडता मोबाइलवर आकडा पाहावा. तो ७० असल्यास मापक ५ ने कमी दाखविते, असे टिपून ठेवावे.

नंतर मापक उन्हापासून, चुलीपासून व छपरापासून दूर, मुले बसतात त्या उंचीवर टांगावे. दररोज ठराविक वेळी नोंद घेतल्यास कोणत्या तासाला मुलांना झाडाखाली बसवावे, हे शिक्षकांस ठरविता येईल. तथापि एखाद्या मुलास भोवळ आल्यास आकड्याची वाट पाहू नये. त्यास तत्काळ सावलीत न्यावे.