धूर ज्वाळेच्या आधी पोहोचतो

कोल्हापूरजवळील शिरोलीची औद्योगिक वसाहत ओतकामासाठी प्रसिद्ध आहे. सुमारे १,४०० अंशांवरचा लोखंडाचा रस हाताळणारा कामगार त्या रसाला भितो, म्हणूनच सावध राहतो. परंतु कचेरीतील खुर्चीत आणि घरच्या गादीत भरलेल्या फोमची भीती कोणालाच वाटत नाही.

पॉलियुरेथेनचा हा मऊ फोम म्हणजे हवा खेळणाऱ्या छिद्रांचे जाळे. ज्योत लागली की तो वितळतो, त्याचे जळते थेंब खाली ठिबकतात आणि काही मिनिटांत सारी खोली पेटते. धूर तर त्याहून घातक. त्यातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड हे वायू ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच माणसाची शुद्ध हरपतात. मे १९७९ मध्ये मँचेस्टरच्या वूलवर्थ्स दुकानात फोमचे फर्निचर पेटून १० जणांचे प्राण गेले. १९८८ मध्ये ब्रिटनने अशा फर्निचरवर कडक नियम घातले.

तेव्हा भट्टीपाशी पाळली जाणारी शिस्त गोदामाच्या दारातही हवी. फोमचे साठे वेल्डिंगपासून दूर असावेत, बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात. त्यासाठी एखाद्या दुर्घटनेची वाट पाहण्याचे कारण नाही.