मुए थाई : नमस्कार आणि प्रहार

थायलंडच्या मुष्टियुद्धाला ‘मुए थाई’ म्हणतात. आपल्या ओळखीच्या बॉक्सिंगमध्ये दोन मुठी असतात. इथं दोन मुठी, दोन कोपरं, दोन गुडघे आणि दोन नडग्या, अशी आठ शस्त्रं. आता तुम्ही म्हणाल, तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराला या मारामारीत काय रस? तर मला रस आहे तो लढतीआधी जे घडतं त्यात.

लढवय्या रिंगमध्ये येतो तेव्हा डोक्यावर एक कडं असतं. त्याचं नाव ‘मोंगखोन’. आपला ‘मंगल’ शब्दच तो. मग तो गुरूला वंदन करतो. त्या विधीचं नाव ‘वाय ख्रू’. यातला ‘ख्रू’ म्हणजे आपला ‘गुरू’, आणि ‘वाय’ म्हणजे हात जोडून नमस्कार. त्यानंतर संथ लयीत एक नृत्य होतं. सनईच्या जातीचं वाद्य, ढोल आणि झांजा साथीला असतात. नृत्य संपलं की शिक्षक स्वतःच्या हातानं मोंगखोन उतरवतो. दंडाला बांधलेली पट्टी मात्र राहते. वाद्यं लढत चालू असतानाही वाजत राहतात, आणि लढत तापली की त्यांची लयही वाढते.

आता तंत्र बघा. लाथ पावलानं मारत नाहीत, नडगीनं मारतात. जोर येतो कमरेतून. उभा पाय टाचेवरून उचलून वळवायचा, कंबर फिरवायची, पाय आपोआप मागून येतो. समोरच्याला दूर ठेवायला पुढून ढकलणारी लाथ असते, तिला ‘थीप’ म्हणतात. अगदी जवळ आला की मानेला पकडून गुडघे चालवायचे. पंच तोलाकडेही बघतात. मारणारा स्वतःच लडखडला, तर त्या माराची किंमत कमी होते. तीन तीन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विश्रांती.

तालीमही समजून घ्या. पहाटे धावणं, मग दोरीवरच्या उड्या, पिशवीवर आणि शिक्षकानं धरलेल्या पॅडवर लाथा, मानेची पकड, आणि दुपारनंतर पुन्हा तेच. आपसातला सराव मात्र बऱ्याचदा हलक्या हातानं चालतो, कारण पुढची लढत काही आठवड्यांवर असते आणि शरीर जपायचं असतं. मुलं तळावरच राहतात, अनेक जण तळाचं नाव आडनावासारखं लावतात. आपल्याकडची तालीम, वस्ताद आणि पठ्ठे आठवले की हे नातं लगेच कळतं.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण प्रश्न पुढेच आहे. यातली बरीच मुलं गरीब घरातली, विशेषतः ईशान्येकडच्या ईसान भागातली, आणि लढतीचे पैसे घरी जातात. लढतींवर पैजाही लागतात. २०१८ साली १३ वर्षांचा एक मुलगा लढतीत डोक्याला मार लागून गेला. लहान मुलांच्या लढतींवर बंदी आणावी, अशी चर्चा तिथं जोरात झाली. विरोध करणारे म्हणाले, ही आमची परंपरा आहे, आणि लवकर सुरुवात केल्याशिवाय मोठा लढवय्या घडत नाही.

या युक्तिवादाचे दोन भाग वेगळे करा. पोट भरण्याचा प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर द्यावंच लागेल, नुसत्या बंदीनं ते मिळणार नाही. पण परंपरेचा आधार टिकत नाही. पूर्वी मुठींना दोर गुंडाळून लढत असत. १९२० च्या दशकात हातमोजे आले. बँकॉकच्या प्रसिद्ध लुम्पिनी स्टेडियमच्या रिंगमध्ये बायकांना पाऊल ठेवायला मज्जाव होता. २०२१ मध्ये तिथं बायकांची लढत झाली. म्हणजे ही परंपरा बदलत आली, आणि बदलूनही मुए थाईच राहिली.

शेवटचा मुद्दा. गुरूला वंदन करणं ही शिष्याची बाजू झाली. वंदन स्वीकारणाऱ्यावरही काही येतं ना? ज्यानं डोक्यावरचं मोंगखोन उतरवलं, त्यानं त्या डोक्याची जबाबदारीही घेतलेली असते. डोकं तेरा वर्षांच्या मुलाचं असेल, तर ती कितीतरी पटींनी वाढते. एवढं एक मानलं, तर किती वयाच्या मुलाला रिंगमध्ये उतरवायचं, याचं उत्तर त्या नमस्कारातूनच शोधता येईल.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.