वाफ्याच्या कडेला विटा किती?

बागेतील वाफ्याच्या कडेने करवतीच्या दात्यांसारख्या तिरप्या रोवलेल्या विटा आपण नेहमी पाहतो. त्या किती लागतील, असे विचारले की पुष्कळ विद्यार्थी वाफ्याचे क्षेत्रफळ काढू लागतात. पण कड म्हणजे वाफ्याभोवतीची रेघ. तिचा संबंध परिमितीशी आहे.

६ मी. लांब व २ मी. रुंद वाफ्याची परिमिती १६ मी. भरते. आपली वीट २३ सेंमी. लांब व ७.५ सेंमी. जाड आहे असे धरू. विटा एकापुढे एक आडव्या मांडल्या तर १६०० ÷ २३, म्हणजे ७० पुरतात. उभ्या, पाठीला पाठ लावून रोवल्या तर २१४ लागतात. ४५ अंशांत तिरप्या केल्यास प्रत्येक वीट कडेची ७.५ × १.४१, म्हणजे सुमारे १०.६ सेंमी. जागा घेते, तेव्हा १५१ विटा हव्यात. फुटतुटीसाठी शेकडा पाच जादा धराव्यात.

आता क्षेत्रफळ १२ चौ. मी. तेवढेच ठेवून वाफा ४ मी. × ३ मी. केला, तर तिरप्या विटा सुमारे १३२ लागतात. गोल केला तर परीघ १२.३ मी. आणि विटा सुमारे ११६!

मग सगळेच वाफे गोल का नसतात? लांबट वाफ्यात मधले रोप कडेपासून १ मी. अंतरावर असते, गोलात जवळजवळ २ मी. खुरपणीसाठी आत उतरावे लागते व माती तुडवली जाते. विटा वाचवायच्या की माती? दोरी आणि मोजपट्टी देऊन हा निर्णय विद्यार्थ्यांनाच घेऊ द्यावा.